आधी परवान्याचा कागद बघ

प्रिय मित्रा,

आग्नेय आशियातल्या वृत्तपत्रस्वातंत्र्यावरचा तुझा मसुदा वाचला. मेहनत दिसते, पण निम्मा लेख जागतिक क्रमवारीतल्या क्रमांकांनी खाल्लाय. कोणता देश कितवा हे वाचून गळचेपी होते कशी, ते वाचकाला कळत नाही.

रॉयटर्सच्या वा लोन आणि क्याव सो ऊ या वार्ताहरांनी म्यानमारच्या तुरुंगात काढलेले पाचशेहून जास्त दिवस लेखात आलेच पाहिजेत. पण पेपर बंद पाडायला दर वेळी पोलीस लागत नाहीत. ‘कंबोडिया डेली’चं प्रकरण नीट बघ. २०१७ मध्ये सरकारने ६३ लाख डॉलरच्या थकीत कराची मागणी केली आणि भरायला जेमतेम महिनाभर दिला. हिशेब न तपासताच आकडा काढला, असं पेपरवाले सांगत राहिले. ४ सप्टेंबरला शेवटचा अंक निघाला. फिलिपिन्समध्ये ‘एबीएस-सीबीएन’च्या परवान्याची मुदत संपली, संसदेने ती वाढवली नाही आणि मे २०२०मध्ये, ऐन टाळेबंदीत, वाहिनीचं प्रसारण थांबलं. कागदोपत्री सगळं कायदेशीर!

सिंगापूर तर याहून सफाईदार. १९७४च्या कायद्याने वृत्तपत्र कंपन्यांत ‘व्यवस्थापन समभाग’ आणले. ते कोणाकडे असावेत यावर सरकारची मोहोर लागते, आणि संचालक वा कर्मचारी नेमताना-काढताना अशा एका समभागाला दोनशे मतं. संपादकाला फोन करायची वेळच कशाला येईल? व्हिएतनाममध्ये खाजगी वृत्तपत्रच नाही, तिथला प्रश्न दोन ओळींत संपतो.

म्हणून प्रत्येक देशाबद्दल आधी हे शोध: परवाना कोण देतं, कोण काढून घेऊ शकतं, मालकी कोणाची, जाहिराती कुठून येतात. कायद्यांचे मसुदे रटाळ असतात, तरी मुळातून वाच, आणि दुरुस्त्यांसकट. मलेशियात दरवर्षी परवाना नव्याने घ्यावा लागतो असं तू लिहिलंयस. ती अट २०१२मध्येच गेली, परवाना मात्र राहिला.

आता शेवटचं, आणि यात सूट नाही. म्यानमारमधल्या २०२१च्या लष्करी उठावानंतर ‘मिझिमा’, ‘म्यानमार नाऊ’ यांसारख्या माध्यमांचे परवाने रद्द झाले, बरेच पत्रकार सीमेपलीकडे गेले. त्यांना माहिती देणारी माणसं अजून देशातच आहेत. तू त्यातल्या एकाचं नाव बदललंस, पण गाव आणि धंदा तसाच ठेवलास. लहान गावात एवढ्यावरून माणूस सापडतो. ते दोन्ही आजच काढ, मगच मसुदा संपादकांकडे पाठव.