दुखत नाही, मग कशाला भ्यायचं?

प्रश्न : डॉक्टर, मी निपाणीजवळच्या खेड्यातला, वय ४६. तंबाखू आमच्या शेतातच पिकायची, त्यामुळं बिडी कधी लागली आठवतपण नाही. दिवसाला एक बंडल, आणि शनिवारी क्वार्टर. दोन महिने झाले, ओठाच्या कोपऱ्याला आतनं पांढरा चट्टा दिसतोय, दुखत नाही काही नाही. बायको म्हणते उष्णता झालीय, तूप लावा. मित्र म्हणतोय दारूनं उलट जंतू मरतात. गुटखा, मावा मी कधी खाल्लेला नाही, मग कशाला भ्यायचं?

उत्तर : दादा, दुखलं असतं तर बरं झालं असतं, दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठला असता. उष्णतेनं तोंड येतं ते झोंबतं, तिखट खाता येत नाही आणि आठ-दहा दिवसांत जातं, तुमचा चट्टा दोन महिने हललेला नाही. ओल्या स्वच्छ फडक्यानं हलकं पुसून बघा, बुरशी असेल तर बहुतेक निघते. नाहीच निघाला तर ल्युकोप्लाकिया असू शकतो, म्हणजे कॅन्सर नव्हे, खरं त्यातल्या काहींचा पुढं कॅन्सर होतो. आणि बिडीवाल्यांना तो बरोबर तिथंच, ओठाच्या कोपऱ्याला आतनं, जास्त दिसतो. टेंभुर्णीचं पान नीट जळत नाही, विझू नये म्हणून सारखं जोरात ओढावं लागतं, तेवढा धूर आत.

आता मित्राचे जंतू. तोंडातले जंतूच दारूचं ॲसिटाल्डिहाइड नावाचं विष करायला हातभार लावतात, आणि ते पेशींचा डीएनए बिघडवतं! वर दारूनं तोंडाची आतली कातडी सैल पडते, बिडीतल्या विषाला मुरायला वाट मिळते. म्हणून दोन्ही एकत्र आली की धोक्याची बेरीज नाही, गुणाकार होतो, मग गुटखा खाल्ला नाही म्हणून सुटका नाही.

याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरला नाहीतर बेळगावला सिव्हिलमध्ये दाखवा. चट्ट्यात लालसर भाग असेल, बोटाला कडक लागत असेल तर उद्याच जा, लाल जास्त वाईट. ते बहुतेक बारीक तुकडा काढून तपासायला पाठवतील, तुकडा काढला की कॅन्सर पसरतो असं पारावर कुणीतरी सांगेलच, तसं काही नसतं. बिडी सुटली की काहींचा चट्टा कमीपण होतो, सोडायला जड गेलं तर १८००-११-२३५६ हा सरकारी नंबर फुकट आहे. आणि बिडी किती वर्षं, दारू किती, ते तिथल्या डॉक्टरला खरं सांगा, बायको शेजारी बसली असली तरी.