पंचनामा झाला, भरपाई मात्र आली नाही

प्रश्न : बेळगावजवळच्या येळ्ळूर शिवारात बळ्ळारी नाल्यालगत आमची एक एकर दहा गुंठे भातशेती आहे. गेल्या खरिपात नाल्याचे पाणी आठवडाभर पिकात साचून राहिले. तलाठी आणि कृषी खात्याचे कर्मचारी पाहणी करून, फोटो काढून गेले. बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याच्या खात्यावर रक्कम जमा झाली, आमच्या नाही. उतारा अजून आजोबांच्या नावे आहे. आता काय करावे?
— एक वाचक, येळ्ळूर

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटून दुसरे वाक्य आधी वाचावयास हवे होते, कारण अडचण बहुधा तेथेच आहे. पीक ३३ टक्के किंवा त्याहून अधिक गेल्याचे पाहणीत ठरले, तरी रक्कम शिवार पाहून दिली जात नाही. उताऱ्यावरील खातेदार, कर्नाटकच्या ‘फ्रूट्स’ या शेतकरी नोंदणीतील त्याचा क्रमांक (ज्याला आपल्याकडे एफआयडी म्हणतात) आणि आधार यांची सांगड बसल्यावरच ‘परिहार’ या संगणक प्रणालीतून ती थेट बँकेत जाते. दिवंगत आजोबांचे आधार जोडता येत नाही, त्यामुळे पंचनामा अचूक असूनही पैसे अडून राहतात. वारसा नोंदीचा अर्ज तातडीने करावा आणि नवा उतारा हाती येताच त्यातील प्रत्येक सर्व्हे नंबर कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात एफआयडीला जोडून घ्यावा. एखादा नंबर जोडायचा राहिला, तर तेवढ्या क्षेत्राची भरपाई राहते.

सीमाभागातील मराठी शेतकऱ्याला आणखी एक डोकेदुखी असते. उताऱ्यावर नाव कन्नडमध्ये, आधारवर इंग्रजीत, आणि दोन्हीकडे आडनावाचे रूप निराळे. ते आधी जुळवून घ्यावे. ज्यांचा उतारा स्वतःच्या नावे आहे, त्यांनी आधारशी शेवटी कोणते बँक खाते जोडले गेले, हेही तपासावे. रक्कम त्या खात्यात जाते, आणि आपण जुनेच पासबुक भरून आणत राहतो.

रकमेबाबत फार मोठी आशा बाळगू नये. केंद्राच्या निकषानुसार जिरायत पिकास हेक्टरी ८,५००, बागायतीस १७,००० आणि बहुवार्षिक पिकास २२,५०० रुपये मिळतात, तेही दोन हेक्टरांपर्यंतच. २०२५ च्या सप्टेंबरअखेर कर्नाटक सरकारने त्यावर हेक्टरी ८,५०० रुपयांची भर जाहीर केली. आपले पन्नास गुंठे म्हणजे अर्धा हेक्टर आणि वर थोडेसे. जिरायत धरल्यास केंद्राच्या दराने सुमारे ४,३०० रुपये होतात आणि राज्याची भर लागू असल्यास त्याच्या दुप्पट. नांगरट, रोप लावणी आणि खत यांच्या खर्चापुढे ही रक्कम तोकडीच आहे; नियमांत तिला नुकसानीची भरपाई म्हटलेलेच नाही, ते निविष्ठा अनुदान, म्हणजे बियाणे-खतांच्या खर्चाला हातभार आहे.

प्रश्न : दुसऱ्याची जमीन अर्धलीने (पिकाच्या अर्ध्या वाट्याने) करतो. पीक बुडाले तर अनुदान कोणाला?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : उताऱ्यावर ज्याचे नाव, त्याला. बियाणे आपले असले तरी प्रणालीला तो जमीनमालकच दिसतो. म्हणून पेरणीपूर्वी साध्या कागदावर का होईना, असे अनुदान आल्यास त्याची वाटणी कशी होईल, हे दोन साक्षीदारांसमोर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. हा कागद सरकारला बांधील करणार नाही, पण पैसे आल्यानंतर मालकाशी बोलताना तो हाताशी राहील.