घाटात गाडी दमते : मेलवर येणारी फाइल की समोर बसून केलेलं ट्यूनिंग?

प्रश्न : सर नमस्कार. माझी दहा टायर गाडी आहे, २०१८ ची, बीएस-४, सेकंडहँड घेतली, हप्ते चालू आहेत. स्वतःच चालवतो. कळंबोलीतून लोखंड भरून नाशिक-सिन्नर लाइन करतो. सपाटीला गाडी मस्त पळते पण लोड असताना कसारा घाट लागला की दम जातो, वीसच्या स्पीडने रांगते, मागचे हॉर्न मारून मारून डोकं उठवतात. आता ट्यूनिंग (ताकद वाढवायला इंजिनाच्या सेटिंग बदलणं) करायचं मनात आहे, तीन जणांकडून भाव घेतलाय. एक जण कुरिअरने छोटा बॉक्स पाठवतो, आपणच प्लग जोडायचा, १४ हजार. दुसरा म्हणतो ईसीएममधली (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) फाइल वाचून मेल करा, सुधारून परत पाठवतो, २२ हजार. तिसरा दोन दिवस माझ्यासोबत गाडीत बसून करणार, ४५ हजार. ॲव्हरेज वाढेल असं तिघंही सांगतात. कोणाचं घेऊ?
— एक मालक-चालक, मानखुर्द

उत्तर : दादा, आज तिघांनाही पैसे देऊ नका. तुम्ही भाव तीन लिहिलेत पण गाडीला नक्की झालंय काय ते कुठेच लिहिलेलं नाही, आणि मला वाटतं ते अजून कोणी बघितलेलंच नाही.

आधी घाटाचा हिशोब करू. गाडी मालासकट २५ टन धरा, चढ वीसात एक, स्पीड २०. एवढं वजन त्या स्पीडने वर न्यायला चाकांवर साधारण १०५ हॉर्सपॉवर लागते. आता समजा कोणी चाकावरची ताकद चांगली २५ टक्के वाढवून दिली (हे खूप झालं), तर २० ची स्पीड २५ होईल. दहा किलोमीटरचा चढ धरला तर आधी अर्धा तास लागत होता तिथे २४ मिनिटं लागतील. म्हणजे सहा मिनिटं वाचली. भिवंडी बायपासला नाहीतर कळंबोलीत वजनकाट्याच्या लाइनीत किती वेळ जातो ते तुम्ही मला सांगा. हप्त्याच्या गाडीचं इंजिन सहा मिनिटांसाठी पणाला लावायचं का, हा खरा प्रश्न आहे, बाकीचं सगळं त्यानंतर.

डिझेलचंही तसंच. मालासकट २५ टनांची गाडी ३०० मीटर वर चढवायची तर नुसत्या उंचीसाठीच अंदाजे ५ लिटर डिझेल जळणार, हळू चढा नाहीतर जोरात. कसाऱ्याला रेल्वेसुद्धा गाडीला मागून बँकर इंजिन लावते, तिथला चढ ३७ ला १ आहे, वजन वर न्यायचं म्हणजे ताकद मोजून द्यावीच लागते, त्याला सॉफ्टवेअरचा तोडगा नाही. ॲव्हरेज वाढतं म्हणतात ते बऱ्याचदा डॅशवरच्या आकड्यावरून म्हणतात आणि बॉक्सवाल्या गाडीत तो आकडाच खोटा असतो. का ते पुढे सांगतो.

आता गाडी बघा. माझ्या अनुभवात "घाटात दम नाही" म्हणून आलेल्या गाड्यांत ट्यूनिंगचं काम फार कमी वेळा निघतं. मागच्या पावसाळ्यात वडाळ्याला ट्रक टर्मिनलजवळ अशीच एक दहा टायर बघितली, मालक बॉक्स मागवायच्या बेतात होता. इंटरकूलरचा (टर्बोने इंजिनात दाबून पाठवलेली हवा थंड करणारी जाळी) होज पाइप वरून एकदम नवा वाटत होता, पण खाली हात घालून क्लॅम्पजवळ बोट फिरवलं तर बोटाला काळी तेलकट धूळ आली. होज खालच्या बाजूने बोटाच्या पेराएवढा चिरला होता. गाडी उभी असताना काहीच कळत नव्हतं, लोडवर टर्बोने दाब दिला की चीर उघडायची आणि हवा बाहेर. साबणाचं पाणी मारलं, रेस दिली, बुडबुडे आले. होज आणि दोन क्लॅम्प बदलले, गाडी घाटात एक गिअर वर चढायला लागली. ह्या गाडीला जर बॉक्स बसवला असता तर हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, काळा धूर आणि तापलेला टर्बो.

तर होज बघा, एअर फिल्टर बघा, डिझेल फिल्टर कधी बदललाय ते आठवा. एक्झॉस्ट ब्रेकचा (धुराची वाट अडवून गाडी हळू करणारा) पडदा अर्धवट अडकलेला नाही ना ते नक्की बघा, हे कोणी बघत नाही आणि सायलेन्सर अर्धा बंद असलेली गाडी कशी चढणार. ब्रेक चिकटतायत का, घाट उतरून थांबलात की ड्रमजवळ हात नेऊन बघा (लावू नका, नुसता जवळ न्या), एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागलं तर तिथे घोळ आहे. रेडिएटरच्या जाळीत कचरा बसला असेल तर पाणी तापतं आणि ईसीएम स्वतःहून ताकद कमी करतो, इंजिन वाचवायला. तुमच्या गाडीला युरियाची टाकी (धूर साफ करायला) असेल तर ती सिस्टीम बिघडल्यावरही ताकद कापली जाते. म्हणून स्कॅनर लावून बिघाडाचे कोड वाचून घ्या. आणि अजून एक, काही गाड्यांत डॅशवर लोडप्रमाणे लाइट, मीडियम, हेवी असं स्विच असतं. सेकंडहँड गाडीत आधीच्या मालकाने डिझेल वाचवायला ते लाइटवर ठेवलेलं असतं आणि नवीन मालकाला माहीतच नसतं. आज जाऊन ते बघा, फुकटातलं काम आहे.

एवढं सगळं ठीक निघालं आणि तरीही ट्यूनिंगच डोक्यात असेल तर आता तिघांबद्दल.

बॉक्स नको. हा बॉक्स रेल प्रेशरचा (इंजेक्टरला जाणाऱ्या डिझेलचा दाब) सेन्सर आणि ईसीएम यांच्या मध्ये बसतो आणि ईसीएमला खोटं सांगतो की दाब कमी आहे. ईसीएम बिचारा दाब वाढवतो. कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणारा एकच पाइप) आधीच हजार-दीड हजार बारच्या (दाबाचं माप) वरचा खेळ असतो, त्यात अजून भर. डिझेल किती गेलं हे ईसीएमला खरं कळतच नाही, म्हणून डॅशवर ॲव्हरेज वाढलेलं दिसतं आणि पंपावर मात्र तेवढेच पैसे जातात, कधी जास्तच. ॲव्हरेज बघायचं तर टाकी फुल ते टाकी फुल, दुसरं काही धरू नका. ज्या आकड्यावर भरवसा ठेवून ईसीएम इंजिनाला सांभाळतो तोच आकडा हा बॉक्स बिघडवतो, म्हणून माझा याला ठाम विरोध आहे.

मेलवरची फाइल. यात काम खरं ईसीएमच्या आतच होतं, इंजेक्शन किती, कधी, टर्बोचा दाब किती, टॉर्कची मर्यादा, धुराची मर्यादा हे नकाशे (आकड्यांचे तक्ते) बदलतात. वाईट काम नाही. पण पाठवणाऱ्याने तुमची गाडी बघितलेली नसते. तुमचे इंजेक्टर किती लाख किलोमीटर चाललेत, त्यांच्यातून टाकीकडे परत (रिटर्नला) किती डिझेल जातं, क्लच प्लेट किती उरलीय, हे त्याला कळत नाही, तो फाइल बनवतो नवीन धडधाकट इंजिन समजून. आणि तुमची गाडी एप्रिल-मेच्या उन्हात, पूर्ण लोडवर, अर्धा अर्धा तास सलग चढावर. कारला दहा सेकंद ताकद लागते, ओव्हरटेक झाला की संपलं. ट्रकला अर्धा तास लागते. एक्झॉस्टचं तापमान टर्बोच्या आधी ७०० अंशांच्या वर बराच वेळ राहिलं की पिस्टन आणि टर्बो दोघांचं आयुष्य कमी व्हायला लागतं, आणि ते घाटातच होतं, मेल लिहिणाऱ्याच्या टेबलावर होत नाही.

म्हणून समोर बसून करणारा चांगला, पण नुसता बाजूला बसला म्हणून चांगला असं नाही हं. कस्टम म्हणजे माणूस कुठे बसलाय ते नाही, त्याने तुमच्याच गाडीचा लोडवरचा लॉग (चालताना नोंदलेले आकडे) बघून फाइल बदलली का, ते. दूर बसलेला माणूस आधी साधी फाइल देतो, तुम्ही घाट चढून लॉग पाठवता, तो सुधारतो, परत चढता, असे तीन-चार फेरे करत असेल तर ते कस्टमच झालं. उलट ४५ हजारवाला येऊन लॅपटॉप जोडून अर्ध्या तासात आधीच तयार फाइल टाकून "झालं" म्हणाला तर ते मेलचंच काम, फक्त महाग. ट्रकची चाकं रोलरवर चढवून ताकद मोजायचं मशीन सगळीकडे मिळत नाही, मग घाट हेच आपलं मशीन. त्याला विचारा : लॉगमध्ये काय बघणार? रेल प्रेशर मागितलेला आणि मिळालेला, बूस्ट (टर्बोचा दाब) मागितलेला आणि मिळालेला, पाण्याचं तापमान, आत येणाऱ्या हवेचं तापमान, हे त्याच्या तोंडून आलं पाहिजे. एक्झॉस्टचं तापमान मोजायला वेगळा पायरोमीटर लावणार का तेही विचारा. उत्तर देताना चिडला तर समजून जा.

क्लचचं लक्षात ठेवा. १५०० आरपीएमला ६६० न्यूटन मीटर टॉर्क म्हणजे साधारण १३९ हॉर्सपॉवर, तो ७६० केला की १६० होते, ऐकायला छान वाटतं, पण ते जास्तीचे १०० न्यूटन मीटर क्लच प्लेट, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, हाउसिंग सगळ्यांमधून जातात. घाटात क्लचचा वास आला की वाचलेली सहा मिनिटं पण गेली आणि ट्रिप पण गेली.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेला आणि आरसीवर असलेला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए खाली मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ८० चा स्पीड गव्हर्नर काढून देतो असंही काही जण फुकटात टाकतात, त्याला अजिबात हात लावू देऊ नका. अपघात झाला आणि इन्शुरन्सवाल्याने ईसीएम वाचला तर क्लेमला भांडत बसावं लागेल. मी तुमच्या जागी असतो तर होज, फिल्टर, इंजेक्टर तपासणी आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये ईसीएमचं अधिकृत अपडेट आहे का ते बघणं, एवढं केलं असतं आणि उरलेले पैसे टायरला ठेवले असते.

प्रश्न : आमच्या मिस्टरांचा बीएस-६ पिकअप टेम्पो आहे, पहाटे वाशी मार्केटमधून भाजी आणून विक्रोळी-घाटकोपरमध्ये दुकानांना देतात. डीपीएफची (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) लाइट सारखी लागते. एकाने सांगितलं मेलवर फाइल मागवून डीपीएफ आणि ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा भाग) कायमचं बंद करून देतो. करू का?
— एक वाचक, विक्रोळी

उत्तर : ताई, नका करू. तुमचा टेम्पो बिघडलेला नाही, त्याला गरम व्हायलाच मिळत नाही. डीपीएफमध्ये साठलेली काजळी जाळायला आत ५५०-६०० अंश तापमान लागतं आणि दर दोनशे मीटरवर थांबणाऱ्या गाडीत ते होत नाही, सुरू झालेली सफाई पण इंजिन बंद केल्यावर अर्धवट राहते. लाइट नुसती लागलेली असेल, लुकलुकत नसेल, तर आठवड्यातून एकदा माल उतरवल्यावर ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेने ठाण्याच्या पुढे नेऊन अर्धा तास एका स्पीडने चालवून आणायला सांगा. लुकलुकत असेल तर सरळ सर्व्हिस सेंटर, तिथे मशीन लावून सफाई करतात. ऑइलची कांडी पण बघायला सांगा, सफाई सारखी अर्धवट राहिली की डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि लेव्हल वाढते, वाढलेली लेव्हल ही चांगली गोष्ट नाही. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेलं लो-ॲशच (कमी राखेचं) घ्या, साधं टाकलं तर राख बसते आणि राख जळत नाही. फिल्टर बंद करणं बेकायदेशीर आहेच, पण ती काजळी मग कुठे जाणार? तुमच्याच गल्लीत, दुकानासमोर इंजिन चालू ठेवून भाजी उतरवताना मुलांच्या नाकात जाणार.

प्रश्न : मी गॅरेजमध्ये काम करतो. एका गाडीचा ईसीएम काढून ट्यूनिंगला दुसऱ्या राज्यात कुरिअर करायचाय. काय काळजी घेऊ?
— एक मेकॅनिक, भांडुप

उत्तर : भावा, माझं मत पाठवू नये हेच. पण मालक ऐकत नसेल तर आधी मूळ फाइल वाचून दोन ठिकाणी सेव्ह कर, एक मालकाकडे दे. वाचताना ट्रकचा २४ व्होल्टचा सप्लाय पक्का ठेव, मध्येच व्होल्टेज पडलं तर ईसीएम जागेवर मरतो. काढायच्या आधी बॅटरीची वायर सोड, मगच प्लग काढ, आणि प्लगची तोंडं प्लास्टिकने बांध, आपल्याकडच्या दमट हवेत पिना हिरव्या पडायला वेळ लागत नाही. सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक इंजेक्टरवर जो कोड छापलेला असतो तो कोणत्या सिलिंडरचा आहे त्याप्रमाणे लिहून ठेव आणि ईसीएमच्या लेबलचा फोटो काढ. कुरिअरमध्ये हरवला तर नवीन ईसीएममध्ये ते कोड परत टाकावे लागतात, ते नसले तर गाडी चालू होईल पण थडथडेल, आणि मग सगळे इंजेक्टर पुसून कोड वाचत बसावं लागेल, काहींवरचे तर ऑइलने आणि घासून गेलेले असतात.