'व्हर्टिगो'मधल्या स्कॉटीचं जूडीवर खरंच प्रेम असतं का?

नाही, स्कॉटी या माजी पोलीस डिटेक्टिव्हचं प्रेम जूडीवर नसतंच. ते मॅडलिनवर असतं, आणि ती तर आपल्या डोळ्यांदेखत मेली असं तो धरून चाललेला असतो. नंतर भेटलेली जूडी हुबेहूब तिच्यासारखी दिसते, कारण त्याच्यापुढे मॅडलिनचं सोंग तिनेच घेतलेलं असतं; हे त्याला ठाऊक नसतं. दादरच्या आमच्या फिल्म सोसायटीत हिचकॉकचा हा १९५८चा चित्रपट दाखवला की हाच वाद रंगतो, आणि मी दर वेळी हॉटेलच्या खोलीतल्या प्रसंगाकडे बोट दाखवते. जूडी त्याच्या हट्टाखातर केस सोनेरी करून, राखाडी सूट घालून येते. तरी हा नाराज, कारण केस मोकळे आहेत. मॅडलिनसारखा अंबाडाच हवा. ती बिचारी आत जाऊन केस बांधते, निऑनच्या हिरव्या उजेडात बाहेर येते, आणि मगच तो तिला जवळ घेतो. किती क्रूर आहे हे! पण मूळ आघातात आहे. आधी त्याला वाचवू पाहणारा पोलीस छपरावरून कोसळतो, मग घंटाघरावरून मॅडलिन. दोन्ही वेळा तो हतबल. जूडीला 'मॅडलिन' करून तो घडलेला मृत्यूच पुसू पाहतो. फक्त त्याला सरसकट 'पीटीएसडीचा', म्हणजे आघातानंतरच्या मानसिक ताणविकाराचा, रुग्ण म्हणू नका. चित्रपटातला डॉक्टर खिन्नता आणि अपराधगंडच सांगतो. पीटीएसडी हे निदान अमेरिकेत १९८० साली अधिकृत झालं. जूडीचं प्रेम मात्र खरं आहे, म्हणून तर ती सगळं कबूल करणारं पत्र लिहून फाडते आणि त्याच्यासाठी थांबते.