बेरीज शून्य, मग दिवा लागतो कसा?

प्रश्न : सर, एसीमध्ये, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या विजेत, प्रवाह जितका पुढे जातो तितकाच मागे येतो. म्हणजे सरासरी शून्य. मग दिवा लागतो कसा? आणि घरच्या विजेचे 230 व्होल्ट ही सरासरी नसेल, तर हा आकडा आला कुठून? (अकरावीची विद्यार्थिनी)

उत्तर : फार चांगलं विचारलंस. सूत्र नुसतं पाठ करणाऱ्याला ही शंका येतच नाही.

सरासरी शून्य येते, हे खरंच. पण फिलामेंटला, म्हणजे दिव्यातल्या तापणाऱ्या बारीक तारेला, सरासरीशी देणंघेणं नाही. इलेक्ट्रॉन कुठल्याही दिशेने सरकले तरी त्यांच्या धडकांनी ते तापतंच. तळहात एकमेकांवर चोळून बघ. हात पुढे नेताना ऊब येते, मागे आणतानाही येते. गणितात हेच वर्गातून दिसतं: उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, आणि ऋण संख्येचा वर्गही धनच.

त्यातून तुझा दुसरा प्रश्न सुटतो. व्होल्टेजच्या प्रत्येक क्षणाच्या किमतीचा वर्ग करायचा, त्या वर्गांची सरासरी काढायची आणि तिचं वर्गमूळ घ्यायचं. याला आरएमएस म्हणतात. ते 230 आलं, याचा अर्थ 230 व्होल्टच्या डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर, फिलामेंट जितकं तापेल, तितकंच या एसीवर तापेल. लहरीचं शिखर मात्र 230 गुणिले 1.414, म्हणजे सुमारे 325 व्होल्टवर असतं. ऑसिलोस्कोपवर, म्हणजे लहरीचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर, ते दाखवलं की मुलं लगेच म्हणतात, मीटर चुकीचा दाखवतोय. मीटर बरोबरच असतो, तो आरएमएस दाखवतो. हे नीट समजून घे, कारण इथे जिवाशी गाठ आहे. 230 चा पुरवठा डायोडच्या ब्रिजने (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांच्या जोडणीने) डीसी करून त्यावर 250 व्होल्टपर्यंतच टिकणारा कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) लावला, तर तो 325 च्या आसपास चार्ज होऊ पाहतो आणि फुटू शकतो.

आणखी एक. वीजकेंद्रातले इलेक्ट्रॉन दिव्यापर्यंत येत नाहीत. 60 वॉटच्या दिव्याच्या वायरीत ते मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरात मागेपुढे होतात. ऊर्जा पोहोचते ती तारांभोवतीच्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रातून.

50 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 50 लहरी असताना, प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो. फिलामेंटला तेवढ्यात थंड व्हायला वेळच मिळत नाही.

बॅटरीचं मात्र वेगळं. तिथे दिशेलाच महत्त्व. थेट एसी जोडली तर अर्ध्या लहरीत भरलेलं उरलेल्या अर्ध्या लहरीत उपसलं जाईल. म्हणून चार्जर आधी एसीची डीसी करतो.