कुंद्याच्या खोक्यावरचा 'के'

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

कुंद्याच्या, म्हणजे बेळगावच्या त्या दुधाच्या मिठाईच्या, खोक्यासाठी तू लिहिलेला इंग्रजी मजकूर वाचला. झकास झालाय. फक्त 'रिनाउन्ड'मध्ये आर, ई झाल्यावर 'के' घातलायस, तो काढ. लाजू नकोस. छापखान्यात प्रुफं वाचायला लागलो तेव्हा मीही हाच 'के' तसाच राहू दिला होता. हजार हँडबिलं रद्दीत गेली आणि कागदाचे पैसे माझ्या पगारातून कापले.

'के'नं सुरू होणारा 'नोन', म्हणजे माहीत असलेला, हा शब्द डोक्यात असतो, म्हणून ही चूक होते. पण 'रिनाउन'चं नातं जाणण्याशी नाहीच, नावाशी आहे. लॅटिनमध्ये नाव म्हणजे 'नोमेन'. आपला 'नाम'ही त्याच कुळातला. त्याला 'पुन्हा' या अर्थाचा 'रि' लागला, जुन्या फ्रेंचमध्ये शब्द झाला, आणि 1066 मध्ये फ्रान्सकडच्या नॉर्मनांनी इंग्लंड घेतल्यावर जे फ्रेंच शब्द तिकडं शिरले त्यांच्या मागोमाग हाही गेला. चौदाव्या शतकात तो इंग्रजीत रुळलेला दिसतो. रिनाउन्ड म्हणजे ज्याचं नाव लोक पुन्हा पुन्हा घेतात तो. आपण 'नामांकित' म्हणतो. आपल्या शेजारचे कन्नड लोक 'हेसरुवासी' म्हणतात, आणि हेसरु म्हणजेही नावच! भाषेचं कूळ वेगळं, पण कल्पना तीच. मला याची फार गंमत वाटते.

'के'वाला 'नो' आपल्या 'जाणणे'चा, संस्कृत 'ज्ञा'चा भाऊबंद. त्याच घरात 'नोटोरियस' आहे. मुळात अर्थ नुसता 'सर्वांना माहीत असलेला', आता मात्र कुप्रसिद्ध. तेव्हा मालकाचा कुंदा त्या घरात धाडू नकोस.

आणखी एक. 'रिनाउन्ड'च्या आधीचा 'वर्ल्ड' पण काढ. मालक कुरकुरतील, पण नाव दुसऱ्यांनी घ्यायचं असतं. 'रि' तेच सांगतो. पुण्याची मावशी फोन ठेवता ठेवता "येताना कुंदा आण गं" म्हणते ना, तेच ते. खोक्यावर 'बेळगावचा कुंदा' मोठ्या अक्षरांत येऊ दे, मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. रिनाउन्ड हवाच असेल तर खाली, बारीक टायपात.

छपाईला द्यायच्या आधी प्रूफ घेऊन ये. येताना पाव किलो कुंदाही आण.

तुझा,
काका