गाऱ्हाण्यात कोणी दुखणं लपवत नाही

"माझ्यार प्रयोग करतले. म्हणजे आता कायच उरला नाय, असाच मा?"

देवगड तालुक्यातल्या एका काकांनी समुपदेशनाला येऊन खुर्चीत बसता बसता हा प्रश्न टाकला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वय 58, नारळ-सुपारीची बाग. फुप्फुसाचा कर्करोग यकृतापर्यंत पसरलेला, केमोथेरपीचे दोन प्रकार देऊन झालेले. मुंबईच्या डॉक्टरांनी आता दुसऱ्या टप्प्याची क्लिनिकल ट्रायल, म्हणजे नवीन औषधाची रुग्णांवर होणारी चाचणी, सुचवली होती. रोज दोन वेळा एक-एक गोळी आणि 21 दिवसांचं एक चक्र. मुलाने दारातच सांगून ठेवलं होतं, "बाबांसमोर वाईट काही बोलू नका, पॉझिटिव्ह राहायचं." काकूंच्या पिशवीत संमतीपत्राचा गठ्ठा होता. त्यातलं शेवटचं पान चार घड्या घालून आतल्या कप्प्यात सरकवलेलं.

सुरुवात त्या पानापासूनच केली. त्यावर शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचं नाव-पत्ता विचारला होता. ट्रायलमुळे मृत्यू झाला तर भरपाई कोणाला द्यायची, त्यासाठी. काकूंनी ते वाचलं आणि डॉक्टरांना आतून काही ठाऊक आहे असं समजून पान लपवलं. हा रकाना 2019 च्या नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमांतल्या ठरलेल्या नमुन्यात आहे. ट्रायलमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला तो भरावा लागतो. बँकेत खातं उघडताना नॉमिनी लिहितो, तसंच हे. काकांच्या तब्येतीबद्दलचं मत त्यात कुठेही नाही. उलट त्याच नियमांनी रुग्णाला हक्क दिले आहेत. ट्रायलमुळे इजा झाल्यास उपचार मोफत, कधीही बाहेर पडायची मुभा, त्यामुळे पुढच्या उपचारांवर परिणाम नाही, आणि सही केलेल्या संमतीपत्राची प्रत घरी न्यायला मिळते.

मग काकांच्या प्रश्नाकडे वळलो. सगळं संपलेल्या माणसाला ट्रायलमध्ये घेतच नाहीत. हिंडता-फिरता यावं लागतं, मूत्रपिंड-यकृताचे आकडे बरे लागतात, हिमोग्लोबिन बहुतेक ठिकाणी 9 च्या वर आणि प्लेटलेट्स लाखाच्या वर मागतात. पण दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट सांगावी लागते. पहिल्या टप्प्यात औषधाचा सुरक्षित डोस शोधतात, दुसऱ्यात गाठीवर परिणाम होतो का ते पाहतात, तिसऱ्यात चालू उपचारांशी तुलना करतात. दुसऱ्या टप्प्यात औषध लागू पडेल की नाही हे डॉक्टरांनाही माहीत नसतं. ते कळावं म्हणूनच ट्रायल असते. फायदा होऊ शकतो, पण तो कबूल केलेला नसतो. काका म्हणाले, "ह्या कोणी सांगलाच नाय." मुलाने मान खाली घातली.

अशा घरांत हमखास दिसणारी भीती म्हणजे, शंका काढली तर औषध लागू पडणार नाही. ही समजूत रुग्णाला फार एकटं पाडते. गोळी रक्तात शिरते ती मनातल्या शंकेला विचारून शिरत नाही. इथे काकांनीच वाट दाखवली. "गाऱ्हाण्यात कोण काय लपवता? दुखणा काय ता पयला सांगूक लागता, मगे मागणा." ग्रामदेवतेपुढे उभं राहून संकट नावानिशी, मोठ्याने सांगायचं आणि मग मागायचं, ही आपली जुनी रीत. तीच डॉक्टरांपुढेही चालते. वाईट प्रश्न विचारणारा माणूस आशा सोडून बसलेला नसतो.

म्हणून सहीआधी विचारायचे प्रश्न वहीत लिहून घेतले. ट्रायलचा सीटीआरआय (देशातल्या ट्रायल्सची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक काय? (भारतात 2009 पासून ही नोंदणी सक्तीची आहे.) सगळ्यांना हीच गोळी, की कॉम्प्युटरने चिठ्ठी काढून दोन गट पाडणार? काकांच्या ट्रायलमध्ये एकच गट होता. दोन गट असले तरी, ज्या कर्करोगावर उपचार उपलब्ध आहेत तिथे औषध नसलेली नकली गोळी (प्लासिबो) सहसा चालू उपचारांच्या जोडीला देतात, त्यांच्या जागी नाही. कोणत्या तपासण्यांचा खर्च ट्रायल करणार आणि कोणत्या आपल्या खिशातून? येण्याजाण्याचं भाडं मिळणार का, बिलं जपायची का? आणि काकूंचा प्रश्न, जो सगळ्यात कामाचा ठरला: "गणपतीत तारीख इली तर?"

कोकणात या प्रश्नावर ट्रायल अडते. रुग्णालयातल्या ठरलेल्या भेटीला तीन-चार दिवस पुढे-मागे चालतात, पण तेवढेच. चतुर्थीच्या आसपास मुंबईहून येणाऱ्या गाड्या भरलेल्या, विसर्जनानंतर परतीच्या. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं, गाड्या संथ, आणि दरड आली की दिवस गेला. त्यामुळे भेटीच्या एक दिवस आधी मुंबई गाठायची असं ठरलं. कर्करुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री एसीत भाडं पूर्ण माफ असतं, सोबत्याला 75 टक्के सवलत. त्यासाठीचा फॉर्म रुग्णालयातून सही-शिक्क्यानिशी आधीच घ्यावा. मुक्कामाला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अनेकांना ठाऊक असते.

सहीनंतरचे तीन आठवडे मनाला सर्वात जड गेले. जुन्या केमोचा अंश शरीरातून जावा म्हणून मधे काही आठवडे औषधच देत नाहीत. "दुखणा वाढतला आणि आम्ही बसान रवतलो?" ही काकूंची घालमेल रास्त होती. शिवाय पात्रतेच्या तपासण्या बहुधा 28 दिवसांत उरकायच्या असतात. काकांचं हिमोग्लोबिन 8.6 आलं आणि घरात सुतक पडल्यासारखं झालं. हा निकाल ट्रायलच्या दाराचा आहे, काकांचा नाही, हे तेव्हा पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. अशा वेळी स्वतःहून जवळच्या दवाखान्यात रक्त चढवून घेऊ नये. तपासणीच्या अमुक दिवस आधी रक्त चढवलेलं चालत नाही, अशी अट बऱ्याच ट्रायलमध्ये असते. ट्रायलच्या समन्वयकाला (रुग्णांच्या भेटी-तपासण्या सांभाळणाऱ्या माणसाला) फोन करून विचारलं, कारण शोधून उपचार झाले, दहा दिवसांनी आकडा 9.3 आला.

घरगुती औषधांचं मात्र वेळीच बाहेर आलं म्हणून बरं. शेजारणीने गुळवेलीचा काढा दिला होता, आणि परसातली पपनसं काका रोज खात होते. पपनसातले घटक अनेक गोळ्यांचं शरीरातलं विघटन रोखतात. मग डोस तोच असून रक्तातलं औषध वाढतं. गुळवेलीमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईतल्या डॉक्टरांनी केल्या आहेत, आणि इथे तर यकृतातच गाठी. काढा आठवडाभर घेतला होता, हे काकूंनी न घाबरता समन्वयकाला सांगितलं. तालुक्याच्या डॉक्टरांनाही ट्रायलमध्ये मिळालेलं, संपर्काचा नंबर असलेलं कार्ड आधी दाखवायचं. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल ही नेहमीची औषधंही पपनसासारखाच घोळ घालतात. ताप 100.4 च्या वर गेला तर पॅरासिटामॉल घेऊन झोपायचं नाही, आधी कार्डावरचा नंबर लावायचा.

आशेचं काय, तर तिच्यासाठी कालनिर्णय वापरलं. दर सहा आठवड्यांनी सीटी स्कॅन होणार होता. त्या चौकोनांना काकूंनी लाल गोल केले. निकाल कोणासमोर ऐकायचा तेही आधीच ठरलं: तिघं एकत्र, कॉरिडॉरमध्ये कुजबुज नाही. मधल्या दिवसांत प्रत्येक खोकल्याचा अर्थ लावत बसायचं नाही. त्या दिवसांसाठी काकांनी वेगळं मागणं ठेवलं. रात्री झोप लागावी, हाडं दुखू नयेत, गणपतीच्या आरतीला उभं राहता यावं. यासाठी नवीन गोळीवर अवलंबून राहायची गरज नव्हती. वेदनाशामक उपचार करणारे डॉक्टर ट्रायलच्या जोडीने पहिल्या दिवसापासून घेता येतात, आणि घ्यावेत.

पहिल्या स्कॅनवर "स्थिर" असं आलं. मुलाचा चेहरा पडला. तिथे आकडे उपयोगी पडतात. मोजलेल्या गाठींच्या लांबीची बेरीज आधी 60 मिलिमीटर होती, आता 52. ती 30 टक्के घटली, म्हणजे 42 पर्यंत आली, तरच "प्रतिसाद" लिहितात. सर्वात कमी आलेल्या बेरजेपासून 20 टक्के, आणि किमान 5 मिलिमीटर वाढली, किंवा नवीन गाठ दिसली, तर "वाढ" धरून गोळी सहसा थांबवतात. मधलं सगळं स्थिर. वाढत जाणारं दुखणं थांबलं, ही लहान गोष्ट नव्हे. वाढ आली तर पुढे काय, हेही त्याच बैठकीत काकांनी स्वतः विचारून घेतलं आणि उत्तर वहीत उतरवलं.

चतुर्थीच्या आठवड्यातली भेट दोन दिवस अलीकडे घेतली होती. पुढच्या खेपेला समन्वयकाने रिकाम्या पट्ट्या मोजून घेतल्या आणि गोळ्यांची डायरी तपासली. त्रासाच्या रकान्यात काकांच्या अक्षरात होतं: "सकाळची गोळी 8.00. पाय दुखले. आरतीक उभो रवलंय."